शून्य तक्रारींची पेटी

पैज लागली ती मिशीवर.

जिन्याखालच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. मी, सलूनवाला आणि नियमभाऊ. नियमभाऊ आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सरकारी दवाखान्यात हेडक्लार्क होते, मागल्या वर्षी निवृत्त झाले. दवाखान्याने त्यांना सोडलं, पण त्यांनी काही नियमांना सोडलं नाही. घरात भाजी खारट झाली तरी म्हणतात, लेखी द्या.

"दवाखान्यातली ती तक्रारपेटी," मी म्हणालो, "पुढच्या शुक्रवारपर्यंत उघडायला लावतो."

नियमभाऊंना हसताना ठसका लागला. "अरे किल्ल्या, सहा वर्षांत उघडली नाही ती! समिती लागते तिला, तीन जणांची. दोघं बदलून गेले, तिसरा मी होतो. नवीन कुणी नेमलं नाही. समिती नसेल तर वरून आलेला तपासणी अधिकारी लागतो. कलम चार."

मला गल्लीत किल्ल्या म्हणतात. कुलपं दुरुस्त करतो, चाव्या बनवतो आणि फावल्या वेळात खोड्या काढतो. बायकोच्या मते उलटं आहे. फावल्या वेळात कुलपं.

"हा गुपचूप जाऊन तार घालणार," सलूनवाला म्हणाला.

"कुलपाला बोटही लावणार नाही. साहेबालाच चारचौघांत उघडायला लावतो. लावलं बोट, तर ही घ्या माझी मिशी."

मिशी बावीस वर्षांची. लग्नात मुलीकडच्यांनी आधी तिला पाहिलं, मग मला.

"मंजूर," नियमभाऊ म्हणाले. "हरलो तर माझी घे. आणि जो हरेल त्याची दवाखान्याच्या पायऱ्यांवर उतरवायची, सगळ्यांसमोर."

सलूनवाला खूश. कुणीही हरलं तरी हजामत त्याचीच.

हसत होतो खरा, पण पैज नुसती गंमत नव्हती. त्या पेटीत माझ्या ताईचा कागद पडला होता.

ताईची गर्भपिशवी काढायची शस्त्रक्रिया त्या दवाखान्यात झाली. घरी आल्यापासून पोट दुखायचं. ती तीनदा दाखवायला गेली, तीनदा सांगितलं, "गॅस आहे, चालत जा." सात आठवडे बिचारी चालली. शेवटी दुसऱ्या दवाखान्यात तिचं पोट पुन्हा उघडलं, तर आत गॉझची पट्टी! रक्त टिपायची असते ती. तळहाताएवढी, हिरवी पडलेली.

शस्त्रक्रियेआधी आणि नंतर या पट्ट्या मोजायच्या असतात. मोजून सही करायची असते. ताई म्हणाली, "मला बाकी काही नको. ज्याने मोजलं नाही, त्याने मोजलं नाही असं लिहावं. नाहीतर उद्या दुसरीच्या पोटात राहील."

तिने तक्रार लिहिली. आवक खिडकीतला कारकून म्हणाला, "इथं घेत नाही. पेटीत टाका." टाकली. महिन्याने विचारलं तर म्हणे, तक्रार आलेलीच नाही. पेटी उघडतच नाहीत, मग येणार कुठून? दर महिन्याला वर अहवाल जायचा, तक्रारी शून्य. त्या शून्याबद्दल दवाखान्याला प्रशस्तिपत्रक मिळालं होतं. ते चौकटीत घालून टांगलं होतं, बरोब्बर पेटीच्या वर.

आणि नियम असा, की तक्रार शस्त्रक्रियेपासून नव्वद दिवसांत रजिस्टरवर चढली तरच चौकशी. नव्वदावा दिवस म्हणजे तो शुक्रवार. पाच वाजता खिडकी बंद.

सोमवारी दवाखान्यात गेलो तर भिंती रंगवत होते. दवाखाना रंगवायला काढला की समजायचं, वरून कुणीतरी येतंय. शिपायाला एक चहा पाजला आणि कळलं. शुक्रवारी तपासणीबाई येणार होत्या, दुसरं प्रशस्तिपत्रक द्यायला.

मला गुदगुल्या व्हायला लागल्या.

मंगळवारपासून मी केसपेपरच्या रांगेपाशी वह्यांचे कागद घेऊन बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचो, "मावशी, इथं कुणी तुमच्याशी चांगलं वागलं का?"

"वागलं की! चौथ्या वॉर्डातली आया."

"मग लिहा. खरं तेवढंच लिहा. काय झालं होतं, तेही लिहा."

लोक लिहायचे आणि पेटीत टाकायचे. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं मी लिहायचो. बुधवारी पेटीपुढे रांग लागली. अधीक्षकसाहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि शिपायाला विचारलं, ही कसली गर्दी?

"कौतुकाची पत्रं टाकताहेत, साहेब."

माझ्या चहाला जागला पोरगा. साहेबांनी आरशात टाय नीट केला म्हणे. कौतुक कुणाचं, ते काही त्यांनी विचारलं नाही.

शुक्रवारी साडेतीनला तपासणीबाई आल्या. बुटक्या, चष्म्याची दोरी गळ्यात, पायात रबरी चपला. साहेब त्यांना थेट पेटीपाशी घेऊन आले. "मॅडम, जनतेचं इतकं प्रेम आहे! आपल्याच समोर उघडावी म्हणतो."

मी खांबापाशी उभा. शेजारी नियमभाऊ, आपल्या मिशीवरून हात फिरवताहेत आणि कपाळावर घाम. ताई समोरच्या बाकावर, पोटाशी कापडी पिशवी धरून.

"उघडा," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मागे हात केला. "चावी."

चावी? भांडारातून जुडगा आला. एकही लागेना. एक तर आत अर्धी तुटली. शिपाई म्हणाला, "फोडू का?"

"सरकारी वस्तू फोडायची नाही," बाई म्हणाल्या. "कुलूपवाला बोलवा."

शिपायाने वळून माझ्याकडे पाहिलं. कारकुनाने पाहिलं. मग सगळ्या रांगेने पाहिलं. नियमभाऊंचा चेहरा असा उजळला, जणू त्यांचं पेन्शन दुप्पट झालं.

"बोट लावलंस की मिशी गेली हं," ते कुजबुजले.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. दुसरा कुलूपवाला पुलापलीकडे. तो येईपर्यंत सहा वाजले असते.

ताईला पैजेचं ठाऊक होतं. "राहू दे रे," ती म्हणाली. "तुझी मिशी..."

"ताई, मिशी आहे ती. तिला टाके पडत नाहीत."

मी खाली बसलो. कुलूप गंजून जाम झालेलं, त्यात अर्धी चावी अडकलेली. तेलाचे दोन थेंब सोडले, चिमट्याने तुकडा ओढला, मग दोन तारा घातल्या. कट्ट. आयुष्यात कुलपाचा इतका गोड आवाज दुसरा नाही.

झाकण उघडलं तशी पत्रं भसाभस जमिनीवर. वर पांढरी, खाली पिवळी, तळाला ओल येऊन चिकटलेली.

साहेबांनी वरचं उचललं आणि खड्या आवाजात वाचलं, "'चौथ्या वॉर्डातल्या आयामावशींचे फार उपकार. त्यांनी माझ्या आईला घरून चादर आणून दिली, कारण...'" आवाज खाली आला. "'...कारण वॉर्डात चादरीच नव्हत्या.'"

"पुढचं वाचा," बाई म्हणाल्या.

"'वॉचमनदादांना देव सुखी ठेवो. लिफ्ट वर्षभर बंद, म्हणून त्यांनी वडिलांना तिसऱ्या मजल्यावर पाठीवर नेलं.'"

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वाचा साहेब, कौतुक आहे!"

साहेब पत्राची घडी करायला लागले. बाईंनी ते काढून घेतलं आणि पिवळ्या कागदांत हात घातला. दोन वाचले, तिसरा वाचला, चष्मा पुसला. "आवक रजिस्टर आणा. इथंच."

"मॅडम, पाचला पंचवीस मिनिटं आहेत," कारकून म्हणाला.

"म्हणजे पंचवीस मिनिटं आहेत."

ताई उठली. ढिगातून तिने स्वतःचा निळ्या रेघांचा कागद ओळखून काढला आणि टेबलावर ठेवला. बाईंनी वाचला, शस्त्रक्रियेचं रजिस्टर मागवलं आणि पान काढलं. "इथं तर बरोबर आहे. बारा पट्ट्या दिल्या, बारा परत. सही आहे."

ताईने पिशवीतून दुसऱ्या दवाखान्याचा कागद काढून त्या पानावर आपटला. "मग ही तेरावी माझ्या पोटात काय चालत आली?"

बाईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले.

"मी बघते," बाई म्हणाल्या.

"बघू नका," ताई म्हणाली. "लिहा."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग कारकुनाकडे. कारकुनाने लिहिलं. चार वाजून त्रेचाळीस मिनिटांनी शिक्का पडला आणि ताईने पोच मागून घेतली. सही घेतली, तारीख तपासली, नंबर दोनदा वाचला. कारकून पोच देऊन झाली म्हणून हात झटकतोय, तर मागे रांग लागलेली. केसपेपरची रांग सोडून लोक इकडे आले होते.

नियमभाऊ घसा खाकरून म्हणाले, "कुलपाला हात लावलास."

"लावला."

सलूनवाला खुर्ची आणि फेसाचा डबा घेऊन तयारच होता. पायऱ्यांवर बसवलं मला. सगळा दवाखाना गोळा. पट्ट्या बांधलेले, सलाईनची बाटली हातात धरलेले, वॉर्डातल्या आया. साहेब आतून ओरडले, "हा काय तमाशा लावलाय? बंद करा!"

"हरलोय साहेब," मी फेसातून म्हणालो. "माणसाने कबूल करावं!"

पहिली बाजू उतरली. पोरं शिट्ट्या मारायला लागली. नियमभाऊ खरं तर माझ्यापुढे उभं राहून मजा बघणार होते. पण ते वळले, आत गेले आणि रांगेत उभे राहिले. पाठमोरे, शर्ट घामाने चिकटलेला. त्यांचा नंबर आला तेव्हा बाहेरपर्यंत ऐकू आलं.

"मॅडम, पाच वर्षं ते शून्य मी लिहायचो. पेटी न उघडता. माझ्या नावासकट लिहून घ्या."

सलूनवाल्याचा वस्तरा हवेतच राहिला. ताई पोट धरून हसत होती, टाके दुखत होते तरी हसत होती, डोळे पुसत होती.

"दुसरी बाजू ठेवू का रे?" सलूनवाल्याने हळूच विचारलं.

"काढ," मी म्हणालो आणि मान वर केली, म्हणजे मागच्यांनाही दिसावं.