चौथी घागर

बाबा गेल्यानंतरची पहिली अक्षयतृतीया, म्हणून सत्त्याहत्तर साली मी भुसावळहून आंजीला माहेरी आले. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. आनंदाकाकूनं देवघरापुढे तीन मांडल्या. आजोबांची, आजीची, बाबांची.

"आणि आईची?" मी विचारलं.

माझी आई मी चार वर्षांची असताना पटकीनं गेली, असं मला सांगितलेलं. लग्नानंतर या सणाला मी कधी इथे नव्हते, आणि पोरवयात घागरींकडे कोण बघतं? काकूनं ऐकलंच नाही असं दाखवलं. मग मीच चौथी घागर भरायला घेतली, तशी तिनं ती माझ्या हातातून हिसकावली.

"जित्या मानसाची घागर नाई भरत, नलू. पाप लागते."

बोलून गेली आणि घागर घेऊन मागच्या दारी पळाली.

किसनकाका ओसरीवर होते. त्यांना मी सोडलं नाही. आईला महारोग झाला होता, म्हणाले. वर्ध्याबाहेरच्या वसाहतीत नेऊन ठेवलं. गावात कळलं असतं तर आमच्या मळ्यातलं वांगं कोणी घेतलं नसतं. "अन् तुह्यं लगन तरी झालं असतं काय? मेली म्हनून सांगतलं. पन देवाले कसं फसवाव?"

वा! देवाला फसवायची भीती, चार वर्षांच्या पोरीला फसवायची नाही. मी पुरणाला हात न लावता वर्ध्याची एसटी धरली.

वसाहतीतल्या माणसानं मळ्याकडे बोट दाखवलं. म्हणाला, बाईंचा रोग केव्हाच बरा झाला, पण न्यायला कोणी आलं नाही. लिंबाखाली एक म्हातारी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. बोटं अर्धीच उरलेली. केळीच्या सोपटाची पट्टी दातात धरून ती दोन वेढे द्यायची आणि टोक आत खोचायची. आमच्या घराशिवाय तशी जुडी बांधलेली मी कुठे पाहिली नाही.

"आई, मी नलू."

हात थांबले. मान वर झाली नाही. "मले पोरगी नाई, बाई. तुम्ही चुकल्या."

मी तिथंच मातीत बसले आणि लहान पोरीसारखी रडले. बाबा गेल्याचं सांगितलं, माझ्या घरी चल म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हटलं. ती जुड्या बांधत राहिली. एक जुडी बाजूला ठेवून तिनं विचारलं, "लेकरं किती तुम्हाले?"

"दोन. मोठीचं लग्न ठरलंय."

"तिच्या सासरच्याईले म्हाईत हाय, तुम्ही इथं आल्या थे?"

"नाही."

"मंग उठा. अन् पुन्हा येऊ नका."

मला तिचा भयंकर राग आला. आणि मी उठले.