लोखंडाचे दोन किलो

मित्रांनो, जुना झालोय मी आता. वजनकाटा आहे. माणसं वर उभी राहतात ना, तसला. पायाखाली पत्रा आणि डोळ्यांसमोर गोल तबकडी. शिक्षण माझं एकशे तीसपर्यंत. त्याच्या पुढचं येत नाही, आणि एवढ्या वर्षांत कुणी विचारलंही नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझा स्वभाव अस्वस्थ आहे. कुणी पाय ठेवला की काटा थरथरतो, पुढे जातो, मागे येतो, कुठेतरी टेकतो. लोकांना वाटतं, थांबला. कसला थांबतोय! आत स्प्रिंग ताणलेलीच असते. शून्यावर येऊन जरा दम घ्यावा, तर दुसरी बाई चढलेली.

कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने मला जुळवलं. वीस किलोचं वजन अंगावर ठेवलं, मागचा स्क्रू पिळला, परत ठेवलं, परत पिळला. काटा बरोबर विसावर आला तेव्हा म्हणाला, "खोटं बोलू नकोस रे बाबा." जन्मात मिळालेला उपदेश एवढाच.

तिथून आलो तो बाळंतपणाच्या दवाखान्यात. खिडकी आणि टेबल यांच्या मधे माझी जागा. मंगळवारी साखरेचा आजार असलेल्या पोटुशा बाया यायच्या. टेबलामागे मोठ्या सिस्टर. मोठ्या म्हणजे वयाने, आणि अंगानेही. त्या स्वतः माझ्यावर कधी चढल्या नाहीत. मीही आग्रह केला नाही.

बाया काय काय करायच्या! चपला काढायच्या, केसातल्या पिना काढायच्या, श्वास रोखून धरायच्या. एखादी हळूच टेबलाला बोट टेकवायची, तेवढाच भार कमी. सिस्टर मान वर न करता म्हणायच्या, "बोट काढ गं."

अशातच एक मंगळवार. सासूबरोबर एक शिवणकाम करणारी बाई आली. बोटाला टोचल्याच्या खुणा, खांद्यावर दोऱ्याचे तुकडे. मागोमाग गल्लीतला एक कुत्रा, तो फाटकापाशी बसला. बाईला साखर आधीपासूनची, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायची. पहिलं पोट पाचव्या महिन्यात गेलं होतं. हा चौथा महिना चालू होता.

ती चढली. काटा मागच्या खेपेपेक्षा चांगला चार किलो पुढे.

"दोन जिवांची आहे," सासू म्हणाली, "खाणारच की."

"आजी, दुसरा जीव अजून मुठीएवढा आहे," सिस्टर म्हणाल्या. "त्याला वेगळं ताट नको."

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला. कागदच बघितला. "वजन फार वाढतंय. साखर आहे तुम्हाला. हाताबाहेर जाऊ देऊ नका." झालं. पुढची बाई उभीच होती.

तीन आठवड्यांनी ती परत आली, तर काटा दीड किलो मागे.

"पोट पुढे आणि काटा मागे, हे कसलं गणित?" सिस्टरनी विचारलं. "जेवतेस ना?"

"जेवते."

"पुढच्या खेपेला वाढलं नाही तर भरती करून घेईन. सांगून ठेवते."

बाईचा चेहरा उतरला. एका शाळेचे दोनशे गणवेश तिच्या मशीनवर पडले होते. भरती म्हणजे काम बंद.

पुढच्या खेपेला ती स्वतः शिवलेला ढगळ गाऊन घालून आली. पाय ठेवला आणि मी चरकलो. आकडा भरलेला, मागच्यापेक्षा दीड किलो जास्त. पण पायांत जोर नव्हता, आणि कमरेपाशी काहीतरी गार, मुकं लटकत होतं. मी स्वतः लोखंडाचा. आपल्यातलं कुणी आलंय, हे मला लगेच कळतं. शिवणाऱ्या बायका कापड हलू नये म्हणून किलोकिलोचे ठोकळे ठेवतात बघा, तसले दोन. गाऊनला आतून खिसे होते. टीप अशी की बापाला दिसू नये.

सिस्टर खूश झाल्या. डॉक्टरीणबाईंनी तिची साखरेची वही बघितली. सकाळचे आकडे थोडे वर होते. वजन वाढतंय म्हणजे जेवण पोटभर होतंय, असं धरून त्यांनी इन्सुलिन थोडं वाढवून दिलं.

मित्रांनो, मी काय करणार? मला तोंड नाही. आहे तो एक काटा, आणि त्याने तर साक्ष दिली होती. त्यात खोटं काही नव्हतं, माझ्यावर तेवढा भार होताच. पण तो भार तिचा नव्हता. त्या आठवड्यात माझ्यावर किती बाया चढल्या-उतरल्या, एकीचंही मला धड आठवत नाही. मनात एकच घोळत होतं. इंजेक्शन वाढलं, आणि पोटात काही नाही.

मंगळवार उजाडला. ती आली ती भिंतीला धरून. कपाळावर घाम, ओठ पांढरे. माझ्यावर चढली आणि काटा असा नाचायला लागला की सिस्टरनी पहिल्यांदा मान वर केली.

"अगं, नीट उभी राहा."

ती नाही उभी राहिली. कोसळली. सिस्टरनी तिचं डोकं झेललं, म्हणून थोडक्यात वाचली. माणूस पडलं की धप् होतं. माझ्या पत्र्यावर मात्र ठण् झालं.

सिस्टरनी आधी बोटाला टोचून साखर बघितली. पार खाली गेलेली. "गिळता येतंय ना? पी हे," म्हणत घोट घोट साखरपाणी पाजलं. सासू दाराशी रडत होती. थोड्या वेळाने बाईचे डोळे जागेवर आले, तेव्हा सिस्टरनी गाऊन चाचपला आणि एक ठोकळा बाहेर काढला.

"हे काय आहे?"

"ठोकळा. कापड हलू नये म्हणून ठेवतो आम्ही."

"आणि इथे कशाला?"

"काटा खाली येऊ नये म्हणून."

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा. बिनसाखरेचा."

"इंजेक्शन?"

"ते घेतलं. ते नाही चुकवत मी."

"अहो, पण मी रोज ताट वाढून देते," सासू म्हणाली. "ताट रिकामं येतं परत."

बाईने फाटकाकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. कुत्रा उन्हात पसरला होता.

"तरीच," सिस्टर म्हणाल्या. "मी म्हणतेय, हा कुणाच्या घरचा जावई."

बाईला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. "माझं पहिलं साखरेने नेलं, सिस्टर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन हाताबाहेर जाऊ देऊ नका. मला वाटलं, जितकं कमी खाईन तितकी साखर कमी, तितकं बाळ सुखरूप. मग तुम्ही म्हणालात, वाढव. आता ऐकू तरी कुणाचं?"

ती जमिनीवर होती, म्हणून सिस्टरनी तिच्या शेजारी टेकायला जागा बघितली आणि बसल्या त्या थेट माझ्यावर. आकडा मी तुम्हाला सांगणार नाही. काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात.

"लपवलंस ते वाईट केलंस," त्या म्हणाल्या. "पण चूक तुझ्या एकटीची नाही. आम्ही काट्याकडे बघितलं. तुझ्याकडे कुणी बघितलं नाही."

डॉक्टरीणबाईंना त्यांनी बोलावून आणलं, आणि चक्क स्टुलावर बसवलं. बाईंनी आधी पोटाला यंत्र लावलं. बाळाचे ठोके धडधड ऐकू आले, तेव्हा खोलीतली सगळी माणसं श्वास घ्यायला लागली. मग त्यांनी इन्सुलिन कमी केलं आणि नीट समजावलं. वजन वाढायलाच हवं, पण बेताने, आणि किती ते प्रत्येकीचं वेगळं. एकदम ढीगभर खायचं नाही आणि उपाशी तर मुळीच राहायचं नाही.

"घड्याळ बघून खात जा," त्या म्हणाल्या.

"मशीनवर बसलं की घड्याळ नाही दिसत मला."

"मग काय दिसतं?"

"शर्ट."

"मग शर्ट मोज," सिस्टर म्हणाल्या. "तासाला किती होतात? त्यावर ठरवू. अमुक इतके शर्ट झाले की उठायचं आणि खायचं. आणि कुत्र्याला तुझ्यातलं नाही."

भरती मात्र टळली नाही. चार दिवस ती आतल्या खाटेवर होती. सासू घरून शर्ट आणायची आणि ती पडल्या पडल्या बटणं लावायची. पुढच्या खेपांना काटा कधी अर्धा, कधी पाऊण किलो पुढे सरकला. कुत्रा जरा रोडावला. आणि एका दुपारी भिंतीपलीकडून एक बारीक, चिडका आवाज आला. पलीकडच्या बाळांच्या काट्यावर, माझ्या धाकट्या भावावर, कुणीतरी पहिल्यांदा उताणं पडून ओरडत होतं. बाईला मुलगी झाली होती.

एक ठोकळा बाईने दवाखान्यातच ठेवला. सिस्टर दर मंगळवारी तो माझ्यावर ठेवायच्या. एक किलो बरोबर दाखवलं तरच दिवसाची सुरुवात. आणि कुणीही बाई चढली की आकड्याआधी विचारायच्या, "जेवलीस का? काय जेवलीस?"

आता सिस्टर निवृत्त झाल्या. आकडे उजळणारा नवा काटा आलाय. मी दारामागे. माझ्यावर फायलींची चळत, एक तुटकी छत्री, बादली. काटा नऊवर अडकलाय, कित्येक महिने शून्य बघितलेलं नाही. नव्या सिस्टर लांबूनच ओरडतात, "वाढलं! कमी कर!" ते ऐकून बाया मान खाली घालतात आणि माझी स्प्रिंग आत कळवळते. मित्रांनो, आकडा वाचायला अक्कल लागत नाही हो. तो मलाही येतो. माणसाला विचारायला लागते. तुमच्या घरी कुणी काट्यावर उभं राहिलं, तर तेवढं विचारत जा.

परवा ती बाई आली होती, नव्या सिस्टरच्या ब्लाउजचं माप घ्यायला. सोबत सात वर्षांची मुलगी. मुलीला मी दिसलो. तिने फायली उतरवल्या, छत्री टाकली, बादली सरकवली आणि पाय टाकणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. खिसे रिकामे कर आधी."

खिशातून बटणं निघाली, एक रीळ निघालं. मग ती चढली. पायांत जोर होता.

"आई, किती?"

"ते सांगते. आधी सांग, सकाळी काय खाल्लंस?"

नव्या सिस्टर हातातलं पेन थांबवून दोघींकडे बघत राहिल्या.

मुलगी सांगत सांगतच उतरली. फायली परत ठेवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. काटा थरथरला, मागे आला, आणि शून्यावर टेकला.