मी पूर्वी बोलतेय

फोन वाजला तेव्हा कृष्णाबाई पडवीत बसून वालाचं बिरडं सोलत होती. पदराला हात पुसून तिनं आपला बटणांचा छोटा फोन कानाला लावला.

"नमस्कार, कृष्णाबाई बोलताय का?" पलीकडून एक तरुण बाई शहरी बोलीत म्हणाली. "हा फोन कर्णबधिरांसाठीच्या सेवेतून येतोय. तुमच्याशी ज्यांना बोलायचंय त्या मला व्हिडिओवर खुणा करून सांगतात, मी ते तुम्हाला बोलून सांगते. तुम्ही जे बोलाल ते मी त्यांना खुणांनी सांगेन. चालेल ना?"

कृष्णाबाईला यातलं निम्मंही कळलं नाही. ती हो-नाही म्हणायच्या आत तीच बाई म्हणाली, "आई, मी पूर्वी बोलतेय."

कृष्णाबाईनं फोन कानापासून दूर धरला. तिची पूर्वी जन्मापासून बहिरी. अठ्ठावीस वर्षांत त्या पोरीच्या तोंडून एक धड शब्द फुटला नव्हता.

"कोन गो तू?" कृष्णाबाई ओरडली. "माजी पोर बोलत नाय. तिच्या नावानं फोन करतेस, लाज नाय वाटत?"

तिनं फोन बंद केला. तो लगेच पुन्हा वाजला. तिनं घेतला नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं तो उचलून तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि तशीच शेजारी धर्मराजकडे गेली.

धर्मराजला असल्या फोनांचा चांगला अनुभव होता. मागच्या वर्षी खोट्या पोलिसांनी त्याला दोन दिवस मोबाइलसमोरून हलू दिलं नव्हतं. मुलगा आमच्या ताब्यात आहे, असं ते सांगत होते आणि मुलगा बिचारा पनवेलला आपल्या दुकानात बसला होता. "वयनी, ही नवीन तऱ्हा हाय," धर्मराज म्हणाला. "त्यांना सगळी नावं ठाव असतात. पोरगी मुकी हाय ह्ये पन कुनीतरी सांगितलं असंल. तुमी नंबर-बिंबर कायपन सांगू नका."

संध्याकाळी निकेश कामावरून आला. पूर्वीहून तीन वर्षांनी मोठा, रोडपालीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कामाला. चहा देता देता कृष्णाबाईनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला.

"फ्रॉड हाय. आन तो फोन इकडं, ब्लॉक करतो."

त्यानं फोन घेतला, भराभरा बटणं दाबली आणि परत दिला. मग तो तडक मोरीत हातपाय धुवायला गेला. चहा तसाच राहिला.

कृष्णाबाई त्या कपाकडे बघत राहिली. एरवी कुणाचा चुकीचा फोन आला तरी निकेश दहा प्रश्न विचारायचा. कोण होतं, काय म्हणालं, तू काय म्हणालीस. आज त्यानं एकही विचारला नव्हता. बहिणीच्या नावानं कुणी चोर फोन करतो, तर तिला कळवायला नको? तिलाही कुणी फसवत नसेल कशावरून?

"पूर्वीला इचार ना रं, ती बरी हाय का," जेवताना ती म्हणाली.

"बरी हाय. कालच मेसेज आला व्हता. कामात हाय म्हनली."

"मंग फोन लाव. चेहरा तरी बघू दे."

"तिकडं नेट नसतं, आई," तो पानातून वर न बघता म्हणाला.

पूर्वी आता उरणला राहत होती. शाळेत तिच्याबरोबर असलेल्या निनादशी तिनं लग्न केलं होतं. तोही बहिरा, कोळ्याचा मुलगा, द्रोणागिरीच्या गोदामात कामाला. दुसऱ्या जातीत मुलगी गेली म्हणून घरात थोडं वाजलं, मग शांत झालं. पण कृष्णाबाईला लेकीशी बोलायचं म्हणजे निकेश लागायचाच. तिला स्वतःला खुणा येत त्या चार-दोन. जेव, झोप, ये, जा. पूर्वी शाळेत जी भाषा शिकली तिच्यात तिचे हात पाखरासारखे उडत आणि ते फक्त निकेशला कळे. पूर्वीला लिहिता यायचं, पण कृष्णाबाईला वाचता येत नव्हतं. आधी निकेशच्या मोबाइलवर दर रविवारी लेकीचं तोंड दिसायचं. आता कितीतरी रविवार गेले, ते दिसलं नव्हतं.

तिनं पहिल्यांदाच मोजून बघितलं. अकरा रविवार.

दुसऱ्या दिवशी निकेश कामावर गेल्यावर दुसऱ्याच नंबरावरून फोन आला. या वेळी बाप्याचा आवाज. त्यानं कालचंच सगळं सांगितलं, सेवा, व्हिडिओ, खुणा. आणि मग तो जाडा आवाज म्हणाला, "आई, मी पूर्वी बोलतेय. फोन ठेवू नकोस गं."

बाप्याच्या तोंडून ते 'बोलतेय' ऐकून कृष्णाबाईला रागही आला आणि हसूही. काल बाई, आज बुवा. चोरांची टोळीच दिसते. पण कालचा तो थंड झालेला चहा तिच्या डोक्यातून जात नव्हता.

"तू पूर्वी हायस?" ती म्हणाली. "मंग सांग, मी तुला काय खूण करून हाक मारते?"

थोडा वेळ गेला. "मी तुला हाक मारते ती हनुवटीवर बोट ठेवून. तुझ्या हनुवटीवर गोंदण आहे म्हणून ती तुझी खूण. मला तू स्वतःचा कान धरून बोलावतेस."

बरोबर होतं. पण हे निकेशला माहीत होतं, शेजारपाजारच्यांना माहीत होतं. एक गोष्ट अशी होती की ती जगात दोघींनाच ठाऊक होती. एकवीस वर्षं ती गोष्ट पोटात ठेवताना तिला भीती वाटली नव्हती, कारण दुसरी जी होती तिला सांगताच येत नव्हतं.

"तू सात वर्षांची व्हतीस," ती हळू आवाजात म्हणाली. "आपन दोघी एकदा पनवेलला गेलो व्हतो. कशाला?"

या वेळी बराच वेळ गेला. मग तो माणूस बोलू लागला, सावकाश, जसं समोरून येत होतं तसं.

"तू घरी कानाच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगितलंस. डॉक्टरकडे गेलोच नाही. एस.टी. स्टँडवर बसलो. तुझ्याकडे निळी पिशवी होती, तिच्यात तुझी दोन लुगडी आणि माझा फ्रॉक होता. तुझा ओठ सुजला होता. बाबांनी मारलं होतं. कर्जतच्या तीन गाड्या आल्या आणि गेल्या. प्रत्येक वेळी तू उठायचीस आणि परत बसायचीस. मला वडा घेऊन दिलास, तू काही खाल्लं नाहीस. मग आपण घरी आलो. तू तोंडावर बोट ठेवलंस. मी कुणाला सांगितलं नाही, आई. निकेशलाही नाही."

कृष्णाबाईनं आधी दार लोटून घेतलं. त्या दिवशी कर्जतला माहेरी निघून जायचं म्हणून ती बाहेर पडली होती आणि घरी राहिलेल्या निकेशसाठी परत फिरली होती. पोरीला काही कळलं नसेल असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"पूर्वे," ती म्हणाली. आणि पटकन, "अहो, तुमी जे कोन बोलताय. तुमी पन ऐकलंत ना ह्ये?"

"मी दुभाषी बोलतोय," आवाज जरा बदलला. "इथलं बोलणं मी बाहेर कुणाला सांगत नाही, बाई. आणि सांगताना एक शब्द गाळत नाही की घालत नाही."

विश्वास ठेवावा की नाही ते तिला कळेना. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "इचारा तिला, कशी हाय?"

"तिलाच विचारा. मी मधे नाही असं समजा."

"कशी हायस, बाय?"

"मला आठवा महिना लागलाय. डॉक्टरनी हिंडू-फिरू नको सांगितलंय. बाळ होणार आहे हे मी निकेशला अडीच महिन्यांपूर्वी कळवलं आणि सांगितलं, आईला घेऊन ये. तो म्हणाला, आई म्हणते आता तिकडेच बाळंत हो, मला बोलावू नको. आई, तू खरंच असं म्हणालीस?"

"नाय," कृष्णाबाई म्हणाली. "मना ठावच नाय."

संध्याकाळी निकेश घरी आला तेव्हा ती उंबऱ्यातच बसली होती. तिनं त्याला आत जाऊ दिलं नाही.

"पूर्वीला आठवा लागलाय."

तो चपला न काढता पायरीवर टेकला. मग म्हणाला, "मी नऊ वर्षांचा असल्यापासून तुमा दोघींचं तोंड हाय, आई. दवाखान्यात मी, शाळेत मी, तिच्या लग्नात मी. तू तिला म्हनलीस, कोळ्याच्या घरात मासं सोलत मर. ते तिला कुनी सांगायचं? माझ्या हातांनी. ती माझ्याकडंच बघायची, जसं मीच म्हनलो. मंग मी बदलायला लागलो. तू कडू बोललीस की मी गोड करून सांगायचो. ती कडू बोलली तर तुला गोड करून."

"आनि ह्ये? ह्ये गोड केलंस?"

"ती म्हनली, आईला घेऊन ये आनि तू पन ऱ्हा, तुझ्याबिगर आई आनि मी बोलनार कशा? महिना-दीड महिना. दवाखान्यात, घरात. सासूला खुना येतात, पन मायलेकीचं बोलनं तिच्यातून नको म्हनली. मी नाय म्हनायला पायजे व्हतं. माझ्या तोंडानं नाय म्हनवलं नाय, म्हनून तुझ्या तोंडानं म्हनलं." त्यानं डोकं हातात धरलं. "तो फोनवाला नंबर तिनं मलाच पाठवला व्हता आधी. मी काय उत्तर दिलं नाय."

कृष्णाबाईला त्याचा संताप आला आणि त्याच वेळी तो नऊ वर्षांचा, दवाखान्यात डॉक्टर आणि बहिणीच्या मधे उभा दिसला. पण तिसरंच काहीतरी तिच्या मनात शिरलं होतं आणि ते निघेना.

"तुजा बाबा गेला तवा," ती म्हणाली. "पूर्वी उशिरा आली. सगळं उरकल्यावर. हात हलवून हलवून बोलली. तू मना सांगितलंस, ती म्हनते, आई रडू नको, मी हाय. ते ती बोलली का तू?"

निकेश पायातली चप्पल काढायला वाकला.

"सांग."

"मना आता आठवत नाय, आई."

त्याला आठवत होतं, हे तिला त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं. त्या एका वाक्यावर तिनं चार वर्षं काढली होती.

सकाळी तिनं धर्मराजकडून त्या सेवेचा नंबर लावून घेतला. तो "वयनी, संभाळून" म्हणत राहिला. या वेळी पुन्हा पहिल्याच दिवशीची ती तरुण बाई होती. कृष्णाबाईनं तिला आधीच बजावलं, "ती शिवी देल तरी सांगायचं. गिळायचं नाय."

"दिली तर सांगेन," ती बाई म्हणाली.

मग कृष्णाबाईनं विचारलं, "बाबा गेले तवा तू हात हलवून काय म्हनली व्हतीस?"

उत्तर यायला वेळ लागला नाही. बाईचा आवाज सपाट होता. "मी म्हणाले, माझ्यासाठी का थांबला नाहीत? मला कुणी कळवलं नाही. शेजाऱ्याला कळवलं, मला नाही. मी बहिरी आहे, मेलेली नाही. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस आणि मला जवळ घेतलंस. मला वाटलं तू ऐकलंस, तरी तुला काही वाटलं नाही. मी हात काढून घेतला."

तो काढून घेतलेला हात कृष्णाबाईला आठवला. दुःखानं केलं असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"थांबायला पायजे व्हतं," ती म्हणाली. "माजं चुकलं. असंच सांग तिला. गोड करू नको."

पलीकडे शांतता पसरली. कृष्णाबाईला वाटलं फोन तुटला. "हॅलो? काय म्हनते ती?"

"काही म्हणत नाही. हात थांबलेत. ती रडतेय," बाई म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "आता म्हणते, कधी येतेस?"

रविवारी निकेशनं तिला उरणला नेलं. तो दारातूनच परत जाणार होता, पण निनादच्या आईनं, सखूबाईनं, त्याला दंडाला धरून आत बसवलं. पूर्वी भिंतीला टेकून बसली होती, पोट मोठं, चेहरा सुजलेला. कृष्णाबाई तिच्याजवळ जाऊन बसली. दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे पुष्कळ वेळ बघितलं. बोलायला काही नव्हतंच, म्हणजे होतं, पण ते निकेशच्या हातून नको होतं, त्याला फोन लावावा लागला असता.

कृष्णाबाई बाळंतपणापर्यंत तिथेच राहिली. निकेश दर रविवारी यायचा. पुढच्याच रविवारी भाऊबहिणीचं जुंपलं. पूर्वीचे हात सपासप चालत होते, निकेशचेही. मधेच पूर्वीनं आईकडे बोट केलं, निकेशनं कपाळाला हात लावला, मग पूर्वीनं उशी फेकून मारली.

कृष्णाबाईला त्यातलं काही कळलं नाही. आपल्याबद्दलच चाललंय एवढं कळलं. "काय बोलतात वो?" असं सखूबाईला विचारायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. सखूबाईला त्यांची भाषा येत होती. ती खरं सांगेलही. किंवा पाहुणी म्हणून थोडं गोड करून सांगेल.

"मी इचारत नाय," कृष्णाबाई म्हणाली.

"नकाच इचारू," सखूबाई म्हणाली. "भांडू द्या."