आजोबा म्हणवून घेतलेली अजगरीण

मित्रांनो, मी एक म्हातारी अजगरीण आहे. माझ्या उजव्या कुशीवर एक पांढरट रेघ आहे. तिथे पूर्वीसारखे खवले आले नाहीत. ती रेघ कशी पडली आणि मी जिवंत कशी राहिले, ते तुम्हाला सांगते.

माझी जात लहान अजगरांची. आम्ही फार तर माणसाच्या हाताच्या दुप्पट लांब होतो. आम्हाला विष नाही. भीती वाटली की आम्ही डोके आत घेऊन अंगाचा गोळा करतो आणि संकट टळायची वाट बघतो. एवढेच आमचे शौर्य.

मी जन्मले उइदा गावाजवळच्या ताडांच्या रानात. समुद्र तिथून जवळ आहे. उइदात आम्हाला कोणी मारत नाही. तिथे आमचे एक देऊळ आहे. रात्री आम्ही गावात उंदीर शोधत हिंडतो. सकाळी एखाद्याच्या घरात आमच्यापैकी कोणी सापडला, तर घरातली माणसे गुडघे टेकून म्हणतात, "या आजोबा." मग अलगद उचलून देवळात पोचवतात. अजगर नर आहे की मादी, हे कोणी बघत नाही. प्रत्येक अजगर हा आजोबाच. लोक मलाही जन्मभर आजोबाच म्हणत आले. मी कधी मनावर घेतले नाही. पण एकदा त्या नावापायी मोठा घोटाळा झाला.

तोक्पानू नावाचा एक पत्रेकाम करणारा माणूस होता. जुने डबे कापून तो दिवे, नरसाळी आणि तेलाची मापे बनवायचा. त्याच्या अंगणात पत्र्यांचा ढीग असे, आणि ढिगाखाली उंदीर असत. एका पहाटे मी एका जाड्या उंदरामागे त्या ढिगात शिरले. ढीग सरकला. एक पत्रा माझ्या कुशीवर पडला आणि त्याच्या धारेने माझी कातडी फाटली. उंदीर पळाला. तो बहुतेक अजूनही हसत असेल.

तोक्पानूने मला पाहिले तेव्हा तो आधी गुडघ्यांवर बसला आणि मग पत्रा उचलला. मला वाटले, क्रम उलटा असता तर बरे झाले असते. पण त्याचे हात हलके होते. पत्र्याशी खेळणाऱ्या माणसाला धार कळते. त्याने मीठ घालून उकळलेले पाणी गार केले आणि त्या पाण्याने जखम धुतली. सुटलेली कातडी जागच्या जागी बसवली, वर मध लावला आणि मऊ फडक्याची पट्टी बांधली. देवळातल्या माणसांनी सांगितले की जखम भरेपर्यंत घरीच ठेव, इथे गर्दी फार आहे.

घरी गर्दी नव्हती असे नाही. आजोबा जखमी होऊन घरी आले आहेत, ही बातमी गल्लीभर झाली. मला एका चौरंगावर, पांढऱ्या कापडावर ठेवले. मग लोक येऊ लागले. कोणी माझ्यापुढे कपाळ जमिनीला टेकवी, कोणी नातवाच्या परीक्षेचे सांगे, कोणी तोंडात दारू घेऊन माझ्या अंगावर फुंकरीने उडवी. तो मानाचा प्रकार आहे, हे मला ठाऊक होते. पण उघड्या जखमेवर दारू पडली की मान बाजूला राहतो. मी अंगाचा गोळा करून बसले आणि सुटलेच नाही.

शेजारचे अजानोहूनकाका गल्लीतले सगळ्यात वडील. सगळ्या कार्यांत पुढे असायचे. ते म्हणत, आजोबा ध्यानाला बसलेत. मी ध्यानाला बसले नव्हते. मला लपायला जागा हवी होती.

एका रात्री मी चौरंगावरून खाली उतरले आणि भिंतीच्या कडेने चाचपडत गेले. कोपऱ्यात एक मोठे मातीचे मडके आडवे पडलेले होते. आतून आंबट मक्याचा वास येत होता. मी आत शिरले. अंधार, गारवा, चारी बाजूंनी भिंत. मित्रांनो, औषध म्हणून मला एवढेच हवे होते.

ते मडके तोक्पानूच्या बायकोचे होते. तिचे नाव हुएफा. ती त्यात मका भिजत घालायची आणि आंबवलेल्या पिठाचे गोळे पानात बांधून बाजारात विकायची. त्या वर्षी ती आजारी पडून वारली होती. तेव्हापासून त्या मडक्याला कोणी हात लावलेला नव्हता. सकाळी तोक्पानू चौरंगाजवळ आला, घाबरला, घरभर शोधत फिरला आणि शेवटी मडक्यासमोर उकिडवा बसला. आम्हाला बाहेरून कान नाहीत, पण माणसाचे बोलणे आम्हाला जमिनीतून आणि मडक्याच्या अंगातून समजते. आता हा मला ओढून काढणार, असे मला वाटले.

"राहा," तो म्हणाला. "ती असती तर तिनेच तुम्हाला आत बसवलं असतं. आणि मग मला ओरडली असती, एवढं साधं कळलं नाही म्हणून."

त्याने मडक्याच्या तोंडावर एक टोपली अर्धवट ओढली. त्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांना त्याने दारातूनच नमस्कार करायला सांगितले. अजानोहूनकाका रागावले. पण मी दोन उंदीर गट्ट केले आणि माझी जखम सुकू लागली.

हुएफाची बहीण सेनामी रोज संध्याकाळी यायची. ती मासे धुरावर सुकवून बाजारात विकायची. तिच्या लुगड्याला, केसांना, बोलण्यालासुद्धा धुराचा वास असायचा. ती मेव्हण्यासाठी जेवण घेऊन यायची आणि आदल्या दिवशीचे तसेच पडलेले ताट घेऊन जायची. जाताना टोमणा ठरलेला. "दाजी, आजोबांच्या पुढ्यात ताजा उंदीर, आणि तुमच्या ताटाला मुंग्या. तुमच्यासाठीही उंदीरच आणू का?" तोक्पानू हसल्यासारखे करायचा.

पट्टी सुटली. कातही एकदा टाकून झाली. आता मी बरी झाले, असे सगळ्यांना वाटले. आणि नेमके तेव्हाच मी खाणे बंद केले.

मित्रांनो, यात काही आजार नव्हता. माझ्या पोटात अंडी होती. पोटात अंडी असली की आमच्या जातीच्या माद्या खात नाहीत. अंडी घालून झाली की ती उबवतानाही खात नाहीत. पिल्ले बाहेर आली की मग खातात. पण हे कोणाच्या मनात येणार कसे? मी आजोबा होते ना.

तोक्पानू पहिल्यांदा उंदीर बदलून बघू लागला. काळा आणला, पांढरा आणला. लहान आणला, मोठा आणला. मी तोंड फिरवले. मग तो माझ्याजवळ येऊन बसू लागला. काम सोडून बसायचा. हुएफानेही शेवटी असेच अन्न सोडले होते. तो चमच्याने तिच्या तोंडात माशाचे पाणी घालायचा आणि ते ओठांवरून खाली यायचे. त्याच घरात, त्याच कोपऱ्यात आता दुसरे कोणीतरी खात नव्हते.

एक दिवस तो खरोखर तो चमचा घेऊन आला. वाटीत माशाचे पाणी होते. त्याने माझे डोके दोन बोटांत धरले. मी घाबरले. ते पाणी माझ्या श्वासाच्या वाटेत गेले असते तर मी तिथेच संपले असते. त्याच वेळी सेनामी दारात आली. तिने वाटी काढून घेतली. "दाजी, नको. तिलाही तुम्ही असंच भरवत होतात. त्याने ती जगली नाही, आणि न भरवून मेली असंही नाही. ठेवा ती वाटी." ती ओरडली नाही. वाटीतले माशाचे पाणी तिने त्याच्याच पुढे ठेवले, आणि तो ते पिईपर्यंत उभी राहिली.

पुढे माझे पोट जड झाले. मला ऊब हवीशी वाटू लागली. एका सकाळी मडक्याच्या तोंडाशी छान ऊन आले होते. मी अर्धी बाहेर आले आणि पोट वर करून उताणी पडले. पोटात अंडी असली की आम्ही असे करतो. फार सुख वाटते.

अजानोहूनकाका दारातून नमस्कार करायला आले. त्यांनी उताणे पडलेले आजोबा पाहिले, आणि डोक्यावरची टोपी काढली.

त्यांनी तोक्पानूला हाक मारली नाही. आधी गल्लीला हाक मारली. मेलेल्या अजगराला तिथे माणसासारखा निरोप देतात. थोड्याच वेळात अंगणात माणसे जमली. कोणी नवे पांढरे कापड आणायला धावले. ढोलवाला आला. खड्डा कुठे खणायचा यावर दोघांचे जुंपले. तोक्पानू हातोडा तसाच हातात धरून भिंतीला टेकून उभा होता. त्याने एकदाही माझ्याकडे नीट बघितले नाही. बघवत नव्हते त्याला.

मी का हलले नाही, असे तुम्ही विचाराल. ऊन खरोखर फार छान होते. आणि पोट इतके जड होते की इतकी माणसे बघूनही नेहमीसारखा गोळा करवेना, म्हणून संकट टळायची वाट बघत तशीच पडून राहिले.

पण त्या गल्लीचा एक रिवाज आहे. गेलेल्या आजोबांना घरातल्या बाईने आंघोळ घालायची. तोवर दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. या घरात बाई राहिली नव्हती, म्हणून सेनामीला बाजारातून बोलावून आणले. ती धुराचे हात पुसत आली. काही न बोलता खाली बसली आणि तिने मला दोन्ही हातांवर उचलले.

मी जीभ बाहेर काढून तिच्या मनगटाचा वास घेतला. मासा.

दुसरी कोणी असती तर तिने दचकून मला हातातून टाकले असते. सेनामीने फक्त डोळे बारीक केले. "काका, कापडाची घडी घाला," ती म्हणाली. "आजोबा जिवंत आहेत." मग तिचा अंगठा माझ्या पोटावरून सावकाश खाली सरकला. एक गोळा, दुसरा, तिसरा. ती पुन्हा वरपासून खालपर्यंत चाचपून आली.

"आणि दाजी, तुमच्या आजोबांना दिवस गेलेत."

ढोलवाल्याचा हात ढोलावर तसाच राहिला. अजानोहूनकाका म्हणाले, "आजोबांना कसे दिवस जातील?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा. पोट तर माझ्या हातात आहे."

तोक्पानूच्या हातातला हातोडा खाली पडला. आधी तो नुसता बघत राहिला. मग त्याचे खांदे हलू लागले. तो रडतोय असे वाटून दोघे त्याला धरायला गेले. तो हसत होता. हसता हसता तो खाली बसला, डोळे पुसले आणि पुन्हा हसला. त्याचे बघून सेनामी हसली, ढोलवाला हसला. काकांनी थोडा वेळ दम धरला आणि मग तेही हसले. ढोल आणलाच आहे तर वाजवू दे, असे तेच म्हणाले. खड्डा खणायला आलेल्यांनी त्या दिवशी ताडी पिऊन गाणी म्हटली.

मी मडक्यात अंडी घातली आणि त्यांच्याभोवती वेढा घालून बसले. तोक्पानूने मडके हलवू दिले नाही. हातोड्याचे हादरे अंड्यांना लागू नयेत म्हणून त्याने आपले कामाचे ठाणे उचलून पार अंगणापलीकडच्या आंब्याखाली नेले. गिऱ्हाइके कुरकुरली. तो त्यांना सांगे, घरात बाळंतीण आहे. रोज तो टोपली जराशी सरकवून बघे, ताजे पाणी ठेवे आणि जाई. माझ्यापुढे उंदीर ठेवणे त्याने बंद केले. आणि सेनामीने आणलेले ताट तो माझ्या मडक्यापाशी बसून जेवू लागला. ताट रिकामे बघितल्यावर सेनामीला टोमणा सुचेना. ती म्हणाली, "मीठ कमी होतं का?" तो म्हणाला, "होतं." दोघांनाही ते फार आवडले.

पिल्ले बाहेर आली तेव्हा अजानोहूनकाकांनी त्यांनाही गुडघे टेकून नमस्कार केला. लहान आजोबा म्हणाले त्यांना. काही गोष्टी बदलत नाहीत.

पिल्ले आपापल्या वाटेने गेली. मीही एक दिवस निघाले. तोक्पानूने मला रानाच्या कडेला नेऊन खाली ठेवले. गुडघे टेकले, पण या वेळी आजोबा म्हणाला नाही. "आई, जपून जा," एवढेच म्हणाला.

मित्रांनो, माझे तुमच्याजवळ एक मागणे आहे. जखमी जीव दारी आला तर त्याला मान नंतर द्या. आधी पाणी द्या, लपायला अंधार द्या आणि थोडा वेळ त्याचा त्याला राहू द्या. आणि तो खात नसेल, उताणा पडला असेल, तर लगेच कापड आणायला धावू नका. जवळ बसा. अलगद हात लावून बघा. सगळ्यांच्याच पोटात अंडी नसतात, हे मला ठाऊक आहे. हुएफाच्या बाबतीत तसे नव्हते. पण हात लावल्याशिवाय ते कळणार कसे?