डबा वाजला की तोंड उघडायचं

आचलचं उष्टावण झालं आणि त्या दिवसापासून प्रेमिलाच्या घरात सुखानं कोणी जेवलं नाही. जेवली ती एकटी आचल, आणि तीही पार गळ्यापर्यंत.

सुरुवात किती साधी झाली होती! पोरीला सहा महिने भरले, मामानं वाटीतली खीर बोटानं चाटवली, बायांनी ओवाळलं. अंगणवाडीच्या चंचलताई चहा पिता पिता सांगून गेल्या, "आता दोन-तीन चमचे मऊ वरणभात देत जा. हळूहळू वाढवजा. पोरीनं तोंड फिरवलं का थांबायचं. अन् दूध चालूच ठेवजा, प्रेमिला." एवढ्यावर भागलं असतं हो. पण भागेल कसं? घरात सासरा बसला होता ना!

सासऱ्याचं नाव डोमा. गाव पोंभुर्ण्याच्या अलीकडचं, आणि गावाला लागून बोडी, म्हणजे छोटं तळं. मच्छीमार संस्थेची बोटाएवढी मासळी या बोडीत वाढायची आणि तिला कोंडा-ढेप चारायचं काम डोमाकडं. कामात माणूस पक्का, त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही. पण माणसाला एक गोष्ट चांगली जमली की त्याला वाटतं, आता जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याला विचारूनच झाली पाहिजे.

"दोन-तीन चमचे?" डोमा म्हणाला. "हे काय माप झालं? अवो ताई, मीनं लाखो पिल्लं वाढवली. चारा अंगाच्या वजनावर रायते. अन् पिल्लू जितकं लहान, तितकं त्याले जास्त लागते."

"डोमाभाऊ, हे लेकरू आहे," चंचलताई म्हणाल्या.

"मंग? लेकरू म्हणजे पिल्लूच ना?"

यावर ताईंनी चहा संपवला आणि चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या कडुलिंबाला मासळी तोलायचा काटा टांगला गेला. जाळ्याची झोळी करून तीत आचलला ठेवलं. मासळीच्या वासानं गावातली मांजरं गोळा झाली, ती हाकलायला सासू गुणाबाई काठी घेऊन उभी राहिली. डोमानं वजन पाहिलं, बोटांवर हिशोब केला आणि जाहीर केलं, सकाळी एक वाटी काठोकाठ, संध्याकाळी एक वाटी काठोकाठ. प्रेमिलानं नवऱ्याकडं पाहिलं. प्रफुलनं कडुलिंबाकडं पाहिलं. बापासमोर हा माणूस नेहमीच कुठल्यातरी झाडाकडं पाहायचा.

आचल चार चमचे खाऊन तोंड फिरवायची. वाटी तशीच राहायची. मग डोमाला युक्ती सुचली. बोडीवर चारा टाकायच्या आधी तो काठावर डालड्याचा जुना डबा बडवायचा, की सगळी मासळी त्या कोपऱ्यात धावून यायची. तोच डबा त्यानं ओसरीवर आणला. टणटणटण! पोरगी दचकली, तिनं आ केला, आणि डोमानं चमचा आत सारला.

"पाह्यलं का?" तो म्हणाला. "बोडीत चालते ते घरात चालते!"

आणि चाललं की, बाप्पा! काही दिवसांतच आचल डबा वाजला रे वाजला की तोंड उघडायला लागली. मग काय विचारता? सारं गाव पाहायला लोटलं. शेजारची कलाबाई केळं कुस्करून आणायची, डबा वाजवायची, भरवायची, आणि आपण मोठं पुण्य केलं अशा तोऱ्यात घरी जायची. भंगारवाला पत्रा बडवत गल्लीतून गेला की आचल झोपेतही आ वासायची. एकादशीच्या भजनात टाळ वाजत होते तोवर तिचं तोंड उघडंच होतं. बाया म्हणाल्या, पोट्टी भजन म्हणून राह्यली. डोमा छाती फुगवून फिरत होता.

पोरीचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट झालं. ती ओकायला लागली. डोमाकडं त्यालाही उपाय होता. चारा जास्त होऊन बोडीतलं पाणी खराब झालं की पाणी बदलायचं असतं. म्हणून आचल ओकली की तिला आंघोळ! एकेका दिवशी ते लेकरू इतक्यांदा न्हालं की गुणाबाईच्या हाताला सुरकुत्या पडल्या.

इथवर प्रेमिलानं दात-ओठ आवळून सोसलं. पण त्या दिवशी दुपारी तिनं पोरीला छातीशी घेतलं आणि पोरीनं मान फिरवली. पुन्हा घेतलं, पुन्हा फिरवली. जागाच कुठं होती पोटात! प्रेमिलाची छाती ठणकत होती, पोलकं दुधानं भिजून गेलं होतं, आणि मांडीवरचं लेकरू परक्यासारखं भिंतीकडं पाहत होतं. तिला रडू कोसळलं. माझी पोर माझ्यापासून तोडली या लोकांनी, असंच तिला वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

"बाबाले सांगा ना," ती प्रफुलला म्हणाली.

"बाबाले कोण सांगन?" प्रफुल म्हणाला. आणि बाहेर कडुलिंब होताच.

संध्याकाळी डोमा पोटभर भात आणि मासळीचा रस्सा चापून ओसरीवर आला. वाटी काठोकाठ भरली. डबा वाजवला. आचलनं आ केला. आणि प्रेमिलाला एकदम दिसलं, डोमानंही आ केला होता! तिकडं गुणाबाईनं आ केला होता, प्रफुलनं केला होता, कुंपणावरून डोकावणाऱ्या कलाबाईनं केला होता. लेकराला भरवता भरवता सगळ्यांची तोंडं आपोआप उघडत होती आणि कोणाला पत्ता नव्हता.

प्रेमिलानं पदर खोचला, चमचा उचलला आणि सासऱ्याच्या तोंडात घातला.

सुनेनं सासऱ्याला घास भरवला! डोमानं गोंधळून गिळला. तिनं त्याच्या हातातला डबा घेतला आणि वाजवला. टणटण! सवयीनं आ झाला. दुसरा चमचा. "अवो सूनबाई, हे का..." तिसरा चमचा. तो बोलायला तोंड उघडायचा आणि घास आत जायचा. वाटी संपली. तिनं चुलीवरचा भाताचा अख्खा गंज आणून समोर ठेवला. गुणाबाईनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. प्रफुल पहिल्यांदाच झाड सोडून बायकोकडं पाहत होता.

"वजनावर हिशोब केला, मामाजी," प्रेमिला म्हणाली. "तुमचा चारा अजून लय बाकी आहे."

डोमाचे डोळे पांढरे व्हायला आले. त्यानं ओठ गच्च मिटले आणि मान भिंतीकडं फिरवली. चमचा गालाला लागला, भात मिशीवर सांडला.

"बस ना बाई!" तो कसाबसा ओरडला. "पोट भरलं माहं! माणूस तोंड फिरवून राह्यला, दिसत नाई का तुले?"

"दिसते, मामाजी." प्रेमिलानं चमचा खाली ठेवला. "हीबी रोज असंच तोंड फिरवते. तिले बोलता येत नाई, म्हणून ते तुमाले दिसत नाई."

डोमानं नातीकडं पाहिलं. डबा केव्हाच थांबला होता, पुढ्यात चमचाही नव्हता, तरी आचल आ करून बसली होती. डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि तोंड मात्र उघडंच.

मिशीवरचा भात पुसायचंही त्याला सुचलं नाही. तो गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ गेला.

"मिट माय," तो म्हणाला, "मिट तोंड. नाई देत आता कोणी." आणि अंगठ्यानं त्यानं तिची हनुवटी हळूच वर उचलली.