बहिरूच्या पुस्तकाचे वाचक

"सुवर्णाताई, पंधरा ऑगस्टला आपलं वाचनालय उघडं असतं का हो?"

ग्रंथपाल योगेश सरांनी सहज विचारावं तसं विचारलं.

"झेंडावंदनापुरतं असतं ना, सर."

"मग झेंडावंदनाला येऊन हे पुस्तक कोणी घरी नेलं?"

सरांनी पुस्तक पुढे सरकवलं. 'बहिरू गभाले : एक मुखवटेकार'. एका शाळामास्तरने लिहिलेलं चौसष्ट पानांचं चोपडं. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली आणि तिच्यावर वर्षाला एक, असे अकरा शिक्के. शेवटचा यंदाच्या पंधरा ऑगस्टचा. झेंडावंदनाचा पेढा खाता खाता सुवर्णाने तो उरकला होता. सुट्टीच्या दिवशी शिक्का मारण्याचा गाढवपणा एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईने करावा, म्हणजे कमालच!

वाचनालयाची सगळी पुस्तकं संगणकावर चढत होती. सात वर्षांत जे कोणी नेलं नाही ते निर्लेखनाच्या यादीत, म्हणजे सरळ रद्दीत. चरित्रांच्या कपाटातले भलेभले त्या यादीत गेले होते. संस्थानिक गेले, गवई गेले, दोन चित्रकार गेले. इगतपुरीकडचा बहिरू तेवढा शिक्क्यांच्या जोरावर तगला होता.

"शिक्के मीच मारले, सर," सुवर्णा म्हणाली. आता लपवून काय उपयोग? "या बहिरूंची मुलगी दर वर्षी पितृपक्षात येते. रामकुंडावर बापाच्या नावाने पाणी सोडते आणि इथे पुस्तक बघून जाते. वाचता येत नाही तिला. पहिल्या वर्षी म्हणाली, कोणी वाचतं का हो हे? मी म्हणून बसले, वाचतात ना! मग दुसऱ्या वर्षी दाखवायला काहीतरी नको का?"

योगेश सर माणूस वाईट नव्हता. वयाने तिच्या मुलाएवढा. त्याने कपाळाला हात लावला.

"अहो ताई, भावना कळते मला. पण नोंद खोटी ती खोटीच. समितीने विचारलं तर मी काय सांगू?"

त्याने लेखी ताकीद काढली. निवृत्तीला आठ महिने उरले असताना सुवर्णाच्या स्वच्छ फायलीत पहिला कागद लागणार होता. 'यापुढे खोटी नोंद करणार नाही' या ओळीखाली तिने सही केली. वाईट वाटलं तिला, खूपच वाईट वाटलं. पण रडली नाही.

"पुस्तक यादीत घेतलंय. पण रद्दीत कशाला? त्या बाईंनाच देऊन टाका," सर हळूच म्हणाले.

दुपारी बहिरूची मुलगी यशोदाबाई नेमाप्रमाणे रामकुंडावरून आल्या. लुगड्याचा काठ ओला, हातात पिशवी, सत्तरीची सडपातळ बाई. नेहमीसारखं सुवर्णाने पुस्तक हातात दिलं. त्यांनी आधी फोटो पाहिला. रावणाचा मुखवटा मांडीवर घेऊन बहिरू बसलेला. बोहाड्यात, गावच्या मुखवट्यांच्या उत्सवात, सोंगं नाचायची, त्यांचे मुखवटे तोच करायचा. मग शेवटचं पान काढून त्या बोटाने शिक्के मोजू लागल्या.

"अकरा! औंदा बी कुनीतरी नेलं बग."

"मावशी, बसा. कोणी नेत नाही हे पुस्तक. शिक्के मीच मारायचे. आता वाचनालयातूनही काढलंय. तुम्ही घरी घेऊन जा."

यशोदाबाईंनी पानं उलटून पुन्हा फोटो काढला.

"मंजी अकरा वरसं तू एकलीच वाचनारी."

सुवर्णाची मान खाली गेली. "नाही हो मावशी. मी पण नाही वाचलं."

"आगं बया! मंग नुसताच शिक्का?" म्हातारीला हसू फुटलं, पण ते लगेच विझलं. "घरी नात हाय, निकिता. वाचंल ती. पन आदी तू वाच. मला कळू तरी दे, मास्तरनं काय लिवलंय."

दोघी खिडकीजवळच्या बाकावर बसल्या. सुवर्णा हलक्या आवाजात वाचू लागली. पेपर वाचणाऱ्या एका म्हाताऱ्याने चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. बहिरूचा जन्म, भातशेती, पहिलं सोंग. मग कागदाचा लगदा आणि चिंचोक्याची खळ. 'लगदा बहिरू स्वतः कुटीत.'

"त्यो कुठला कुटतो!" यशोदाबाई फणकारल्या. "मी कुटायची. हाताला ह्ये फोड यायचे. भाऊ पळायचे खेळायला. त्यो बसायचा रंग लावत, आन नाव त्याचं. फुडं वाच."

सुवर्णाने पान उलटलं. एकोणचाळीस. तिची नजर जिभेच्या पुढे धावली. 'त्यांना ज्ञानेश व बुधा असे दोन पुत्र आहेत.' त्यानंतर पूर्णविराम आणि लगेच पुढचा परिच्छेद, बोहाड्याच्या मिरवणुकीचा. तिने मिरवणूकही नजरेखालून घातली. तिथेही मुलगी नव्हती.

"थांबलीस का गं?"

सकाळी सही केलेली ताकीद अजून टेबलावरच होती. सुवर्णाने वाचलं, "त्यांना ज्ञानेश व बुधा असे दोन पुत्र आणि यशोदा ही कन्या आहे. लगदा कुटण्याचे सारे काम तीच करीत असे."

यशोदाबाई पुस्तकावर वाकल्या.

"परत वाच."

सुवर्णाने परत वाचलं. शब्द न शब्द तोच येईल याची काळजी घेत, कोऱ्या जागेवर बोट ठेवून.

"मला वाटलं, इसरला आसंल," म्हातारी म्हणाली. तिने पदराने डोळे टिपले. "आमच्या पडवीत बसून इचारायचा मास्तर, आन माज्याकडं बघायचा बी नाय. मी च्या दिला व्हता त्याला. दोनदा." जरा थांबून तिने विचारलं, "कितवं पान म्हनलीस? निकिताला दावते."

"एकोणचाळीस," सुवर्णा म्हणाली. "थांबा, पाऊस आला तर भिजेल. कागदात बांधून आणते."

ती टेबलामागे गेली, पाठ करून उभी राहिली आणि पेन काढलं. साऱ्या नोकरीत तिने पुस्तकावर कधी रेघ ओढली नव्हती. दाखल-रजिस्टरमध्ये काढायची तसं बारीक, सरळ अक्षर काढत तिने ते वाक्य समासात लिहिलं आणि 'पुत्र'पाशी काकपद, म्हणजे सुटलेला मजकूर जोडायची खूण, केलं.

"एवढा येळ?" बाकावरून आवाज आला. "इगतपुरीची यष्टी जाईल माझी."

"झालंच, मावशी."

शाई ओली होती. ती वाळेपर्यंत सुवर्णाने पुस्तक मिटलं नाही.