थर्मनला कळवू नका

थर्मन माझा थोरला भाऊ. बास्केटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये तो दहाएक वर्षं खेळला, तरी आमच्या हार्लन्स फेरी गावाबाहेर त्याचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही. तो बास्केट मारणाऱ्यांतला नव्हताच. रिंगखाली पाय रोवून उभं राहायचं, धक्के खायचे, उसळून आलेला चेंडू हिसकावायचा आणि ज्याचं नाव पेपरात छापून येतं त्याच्या हाती द्यायचा, हे त्याचं काम. बाबा म्हणायचे, "पोरगं माझ्यावर गेलंय. भट्टी पेटती ठेवणाऱ्याचा फोटो कोण काढतं?"

आमचे बाबा, क्लोव्हिस पेटवे, तरुणपणी अलाबामातून इथं ओहायो नदीकाठी आले ते पोलादाच्या कारखान्यात कोक-कोळशाच्या भट्ट्यांवर लागले, आणि तिथंच त्यांची छाती खराब झाली. थर्मन टोलेडो स्टीमर्सकडून खेळायला लागला तेव्हा टोलेडोचं रेडिओ स्टेशन आमच्या घरात नीट लागायचं नाही. मॅच असली की बाबा गाडी काढून कबरस्तानाच्या टेकडीवर जायचे. तिथं आवाज स्वच्छ यायचा. काचा वर करून एकटेच बसायचे, कारण थर्मनच्या हातात चेंडू आला की ते ओरडायचे, आणि चर्चमध्ये डीकन म्हणून मान असलेल्या माणसानं असं ओरडणं त्यांना बरं दिसत नसे.

स्टीमर्सच्या आधी दोन संघांनी थर्मनला सोडून दिलं होतं. गुडघे कच्चे आहेत म्हणायचे. त्याला घेतलं ते गस लेंट्झ या कोचनं. लेंट्झ म्हणजे बुटका, टक्कल पडलेला गोरा माणूस, टाय कायम एका बाजूला गेलेला. पहिल्याच उन्हाळ्यात तो आमच्याकडे जेवायला आला. आईनं केलेला तळलेला मासा आणि कॉलर्डची भाजी त्यानं दोनदा मागून घेतली.

"एर्लीनबाई, पोराला एवढं खाऊ घातलंत म्हणून तो असा दरवाजाएवढा झाला," तो म्हणाला.

"खाऊ मी घातलं, पण मारायला शिकवलं नाही," आई म्हणाली. "त्याला फार मार खाऊ देऊ नका, कोच."

"मार खाण्याचेच पैसे मिळतात हो त्याला," लेंट्झ म्हणाला, आणि बाबा इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली.

एकोणऐंशी सालच्या वसंतात स्टीमर्स अंतिम फेरीत पोचले, आणि त्याच सुमारास बाबांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. अंतिम फेरीतल्या सामन्यांत दोन्ही संघ बरोबरीत होते. निकाल लावणारी मॅच रविवारी दुपारी टोलेडोत होती. शुक्रवारी थर्मन बाबांना भेटायला आला तो खुर्चीतून उठेचना.

"मी नाही जात. माझ्यावाचून खेळतील ते."

बाबांच्या नाकाला नळी होती. ती त्यांनी बोटानं बाजूला केली. "इथं बसून काय करणार? माझ्या वाटचा श्वास घेणार? जा. टीव्हीवर दिस मला. आणि शर्ट आत खोचत जा, गबाळ्या."

थर्मन गेला. चर्चमधल्या दोघांनी शनिवारी खोलीत टीव्ही आणून अँटेना लावून दिला. रविवारी सकाळी मी बाबांचा धुतलेला पायजमा आणायला घरी गेले. परत आले तर आई त्यांचा हात हातात घेऊन बसली होती. मला बघून तिनं फक्त मान हलवली.

मी रडत होते. आई मात्र उठली, पर्स घेतली. "थर्मनला कळवायचं माझ्याकडे," म्हणाली आणि कॉरिडॉरमधल्या फोनकडे गेली. बऱ्याच वेळानं परत आली. "कोचशी बोलले," एवढंच सांगितलं. मला वाटलं, आता थर्मन निघाला असेल.

दुपारी घर माणसांनी भरलं. कुणी हॅम आणलं, कुणी रताळ्याचा गोड पाई. मी खिडकीतून सारखी रस्त्याकडे बघत होते. शेवटी शेजारच्या, आमच्याच चर्चमधल्या सिस्टर इमोजीननं मला बाजूला घेतलं. "व्हर्निटा, अगं, तुझा भाऊ टीव्हीवर आहे."

मी टीव्ही लावला. थर्मन कोर्टवर होता.

"आई, तो खेळतोय! त्याला सांगितलंच नाही त्यांनी!"

आई टीव्हीकडे पाठ करून बसली होती. ती वळली नाही. "बंद कर म्हणू नकोस कुणाला," ती म्हणाली. "बघू देत."

त्या दिवसासारखा थर्मन आधी कधी खेळला नव्हता, नंतरही नाही. रिंगवरून परत आलेला प्रत्येक चेंडू त्याचाच. अगदी शेवटी संघ एका गुणानं मागे असताना मोठ्या खेळाडूचा नेम चुकला, आणि थर्मननं चेंडू वरच्या वर पकडून स्वतःच आत टाकला. लोक कोर्टवर धावले. त्याला खांद्यांवर घेतलं. त्याचा तोंड उघडून हसतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत होता. आमच्या घरात तेव्हा बाबांचा कोट इस्त्री करून दाराला टांगलेला होता, त्यांना घालायला.

पुढचं मला थर्मननंच सांगितलं. डोक्यावर शॅम्पेन ओतलेली, अंग चिकट, तशात लेंट्झनं त्याला सामान ठेवायच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"थर्मन, तुझे वडील गेले."

"आत्ता?"

"सकाळी."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"सकाळीच."

"आणि मला खेळवलंत? कुणी ठरवलं हे?"

"मी," लेंट्झ म्हणाला.

थर्मननं त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. लोक आत आले नसते तर काय झालं असतं, देव जाणे. लेंट्झनं हात वर केले नाहीत की तोंडातून दुसरा शब्द काढला नाही.

अंत्यविधीला लेंट्झ आला. चर्चमध्ये शेवटच्या बाकाशी टोपी हातात घेऊन उभा होता. थर्मन पुढून उठला आणि भर प्रार्थनेत, सगळ्यांसमोर त्याच्याजवळ गेला.

"माझ्या बापाचं मरण तू एका कपासाठी खिशात ठेवलंस. चल, नीघ इथून."

कोचशी असं बोलताना मी थर्मनला पहिल्यांदाच ऐकलं. लेंट्झनं एकदा पुढे, आईकडे पाहिलं. मग टोपी घातली आणि गेला. आई मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, दुःखानं.

त्यानंतर थर्मनच्या खेळातलं काहीतरी तुटलंच. टोलेडो त्यानं स्वतः मागून सोडलं. इकडे एक वर्ष, तिकडे दीड, मग तुर्कस्तानात एक हंगाम. तिथून त्यानं मला फोनवर सांगितलं होतं, "लोक ओरडायला लागले ना, व्हर्नी, की मला वाटतं आत्ता कुणीतरी येऊन खोलीत नेणार." उजव्या गुडघ्याचं दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं आणि तो घरी परत आला. आपल्या जुन्या शाळेतच व्यायामशाळा सांभाळायला लागला. लग्न झालं, मोडलं. विजेत्या संघातल्या प्रत्येकाला मिळणारी अंगठी टोलेडोहून आली होती, ती त्यानं पाकीट न फोडता परत पाठवली. लेंट्झची पत्रं आली, तीही तशीच गेली. कुणी त्या मॅचचा विषय काढला की तो टोपी उचलून चालू लागायचा.

बरीच वर्षं गेली. एका रविवारी चर्चनंतर आम्ही तिघं आईच्या स्वयंपाकघरात जेवत होतो. मी सहज बोलून गेले, की पेपरात वाचलं, गस लेंट्झला काही आठवेनासं झालंय, मुलीकडे असतो.

थर्मननं मक्याचा पाव मोडला. "बरंय. विसरायला मिळतंय हरामखोराला. मला कुठं मिळतं?"

आईनं काटा खाली ठेवला. तेव्हा ती पंच्याहत्तरीच्या पुढे होती.

"त्याला शिव्या देऊ नकोस," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं त्याला."

"काय सांगितलं होतंस?"

"की मॅच संपेपर्यंत थर्मनला कळवू नका."

मी थर्मनकडे बघायला धजले नाही. आई बोलतच राहिली, जणू थांबली तर पुन्हा जमणार नव्हतं. "तुझ्या बापानं त्या दुपारसाठी जीव धरून ठेवला होता रे. टेकडीवर गाडीत बसून आयुष्य काढलं त्यानं. म्हटलं, तो नाही बघू शकला तरी ती मॅच व्हावी. तू आला असतास तर काय, गेलेल्या माणसाजवळच बसला असतास ना? कोच नाही म्हणाले. म्हणाले, बाई, असं करायला लावू नका, तो मला कधी माफ करणार नाही."

"मग?"

"मी म्हटलं, मला तरी करेल का? नवरा आज सकाळी गेला. मुलगा एकच आहे. माझं नाव घेऊ नका." तिनं काटा ताटाजवळ सरळ लावला. "त्यांनी नाही घेतलं."

"चर्चमधून मी त्यांना हाकललं तेव्हा तू पहिल्या बाकावर होतीस, आई."

"होते."

थर्मन उठला. आता ताट आपटेल, निघून जाईल, असं मला वाटलं. त्यानं आपलं ताट सिंकमध्ये नेलं, धुतलं, पुसून जागेवर ठेवलं. मग माझ्याकडे वळला. "उद्या माझ्याबरोबर टोलेडोला येतेस?"

लेंट्झची मुलगी मार्नी हिनं दार उघडलं. थर्मनला ओळखून ती दचकली, पण आत घेतलं. लेंट्झ खिडकीजवळ खुर्चीत बसला होता. अंगानं अर्धा झालेला. त्यानं दारातून वाकून आत येणारा तो प्रचंड माणूस पाहिला आणि दोन्ही हात तोंडासमोर धरले. मार खायची वेळ आल्यासारखे.

"बाबा कुणालाच बघून असं करत नाहीत," मार्नी गोंधळून म्हणाली. "नावं विसरलेत, माझंसुद्धा, पण असं..."

 थर्मन त्या मोडक्या गुडघ्यांवर जमिनीवर बसला, भिंत धरून, कण्हत. लेंट्झपेक्षा खाली झाला तेव्हा कुठं म्हाताऱ्याचे हात हळूहळू उतरले.

"कोच, मी थर्मन. माझ्या आईनं मला सगळं सांगितलं. माझं चुकलं, कोच."

लेंट्झ नम्रपणे हसला. "तुम्ही घर तापवायची भट्टी दुरुस्त करायला आलात का? तळघरात आहे."

परतताना गाडी मी चालवली. वाटेत थर्मन म्हणाला, "मी उशीर केला, व्हर्नी." मी म्हटलं, तुला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "पत्रं तरी फोडायची होती."

तेव्हापासून तो वरचेवर टोलेडोला जायचा. लेंट्झनं त्याला कधी ओळखलं नाही, पण भ्यायचं थांबवलं. थर्मन त्याची दाढी करायचा, सूप भरवायचा, त्याला धरून अंगणात फिरवायचा. मार्नी म्हणाली, बाबा त्या मॅचबद्दल घरीसुद्धा एक अक्षर बोलले नाहीत. मार्नीची आई वारली तेव्हाही नाही. वर्तमानपत्रांनी त्यांना निर्दय म्हटलं, तेव्हाही नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात लेंट्झ गेला. चर्चमध्ये जुने स्टीमर्स आले होते, काठ्या टेकत, पोटं सुटलेले. मार्नीनं थर्मनला बोलायची विनंती केली. तो पुढे गेला आणि पुढचा कठडा धरून उभा राहिला.

"तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, माझे वडील गेले त्या दिवशी मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला. "कोच म्हणाले होते, ते त्यांनी ठरवलं. ते खरं नव्हतं. त्यांनी कुणालातरी शब्द दिला होता, तो पाळला. मी त्याबद्दल त्यांना मारलं, माझ्या बापाच्या अंत्यविधीतून हाकललं, आणि पुढं वर्षानुवर्षं लोकांना त्यांच्याबद्दल वाटेल ते बोलू दिलं."

मागून एका जुन्या खेळाडूनं विचारलं, "मग ठरवलं कुणी, थर्मन?"

"ते कोचनी सांगितलं नाही," थर्मन म्हणाला. "मीही नाही सांगणार."

आई आता या जगात नाही, म्हणून मी हे सांगू शकते. त्या दिवशी लेंट्झच्या अंत्यविधीहून आम्ही घरी परतलो तेव्हा ती कोट घालून व्हरांड्यातच बसली होती, थंडीत. पायावर पांघरूण घेतलेलं. थर्मन पायऱ्या चढेपर्यंत तिनं दम धरला.

"बोललास?"

"बोललो."

"माझं नाव घेतलंस?"

"नाही, आई. नाही घेतलं."

तिला बरं वाटेल अशी माझी समजूत होती. पण तिचा चेहरा पडला. तिनं दोन्ही हातांनी त्याची बाही धरली आणि लहान मुलासारखी रडायला लागली.

"घ्यायचं होतंस रे," ती म्हणाली. "घ्यायचं होतंस."

थर्मन तिच्या शेजारी बसला.  मग मी दोघांना आत नेलं.